शेऱ्याचा रकाना

पिंपळनेरला, पांझरेच्या काठाला,
जुन्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये आता हंस आहेत.
कवितेतले नव्हेत.
मानससरोवर यांना माहीत नाही.
दूध आणि पाणी एका कुंडीत दिलं
तर दोन्हींत पाय घालून उभे राहतात
आणि माझ्या पायजम्याला चोच लावतात.

एकशे वीस पिल्लं, तीन कप्पे.
पायात कड्या: पिवळ्या, लाल, हिरव्या.
खाद्य तेच, मका, ज्वारी, शेंगदाण्याची पेंड,
फरक फक्त चिमटीचा.
लाल कडीला लायसिन लागेल तेवढं,
हिरवीला दीडपट,
पिवळीला वरून काहीच नाही.
मेथिओनिन सगळ्यांना सारखं;
त्या पिशवीचं तोंड सोडलं
की कुजल्या कोबीचा वास
रात्रीच्या जेवणापर्यंत बोटांना.

पहिल्या दिवशी सगळे एकच होते.
नव्वद ग्रॅम, पंच्याण्णव,
तळहातावर ठेवलेलं ऊन.

अठ्ठाविसाव्या दिवशी
लाल: एक किलो आठशे चाळीस.
हिरवी: एक किलो आठशे दहा.
दीडपट देऊन काकणभरही जास्त नाही,
लिहून घेतलं.
पिवळी: एक किलो दोनशे साठ.

चोची तितक्याच वाजतात कुंडीत.
पोट भरतं, अंग भरत नाही.
घागरीला भोक जिथं, पाणी तिथवरच;
वरचा घाट नुसता बघायला.

द्वारकाबाई अहिरे शेड झाडते, खाद्य कालवते.
तिला म्हटलं, मांस म्हणजे माळ समजा,
वीस जातींचे मणी.
एका जातीचे संपले की ओवणं थांबतं,
बाकीचे डबाभर का असेनात.
तिनं ऐकलं. खराटा भिंतीला टेकवला.
"नुसती जुवारी खाई राहिनात," म्हणाली,
"कयना नही शे इस्ले."

ती ळ ला य म्हणते.
तिच्या डब्यात कळण्याची भाकर होती, रोज असते.
चार शेर ज्वारी, शेरभर उडीद सालासकट,
मीठ घालून एकत्र दळलेलं;
वर ठेचा, कच्चं तेल.
ही भाकर मी दात आल्यापासून खातोय,
आणि धुळ्याला शिकलोय दोन वर्षं,
पण पोटातलं आणि वहीतलं
कधी शेजारी मांडलं नव्हतं:
ज्वारीत जे कमी, ते उडदात भरपूर.

पस्तिसाव्या दिवशी पिवळा सतरा
एकटाच काट्यावर उसळला.
कप्प्यातले बाकीचे खुरटलेले,
पाठीवर पिसं विरळ,
हा दीडशे ग्रॅमनं पुढे.
काटा तपासला. शून्यावर होता.
पुन्हा ठेवलं. तेच.

मग दुपारी एक वाजता
मका मोजायचा सोडून खांबाआड थांबलो.
जाळीला एक भोक आहे,
दोन बोटं जातील एवढं.
त्यातून एक काळपट तुकडा आत गेला
आणि सतरा नंबर मान लांब करून
आधीपासूनच हजर.

मी खोकलो.
द्वारकाबाईनं पदराला हात पुसले.
"बठासले पुरस नही," म्हणाली,
"एकच भाकर शे."

प्रयोग बिघडला का,
ते धुळ्याचे सर ठरवतील.
सतराचा आकडा मी खोडला नाही.
शेऱ्याच्या रकान्यात कारण लिहायचं असतं.
लिहिलं: कळणं.

आठवड्यानं वही परत आली.
माझ्या शब्दावर लाल रेघ,
वर सरांची दुरुस्ती:
"कळेना."

भोकाला तार मी त्याच दुपारी बांधली होती.
सतरा अजून एक वाजता तिथं येऊन उभा राहतो,
मान लांब करून.
द्वारकाबाई आता त्याच्याकडे पाठ करून जेवते.